नसबंदीला बारा वर्षं झाली, आता मूल हवंय: नस जोडायची की टेस्ट ट्यूब?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ खानापूर तालुक्यातले, वय ४४, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यानिमित्त बरीच वर्षं तमिळनाडूत. पहिल्या पत्नीला हृदयाच्या झडपेचा आजार होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं ऑपरेशन करणं धोक्याचं म्हणून यांनी स्वतः बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. त्याला बारा वर्षं झाली. दोन मुली आहेत. पत्नी चार वर्षांपूर्वी वारली, गेल्या वर्षी दुसरं लग्न झालं. नव्या पत्नीचं वय ३६, तिला स्वतःचं मूल हवंय. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘बारा वर्षं झाली, आता नस जोडून उपयोग नाही, थेट टेस्ट ट्यूब करा.’ दुसऱ्यांनी सांगितलं, ‘जोडून देतो, शंभर टक्के होईल.’ खरं कुणाचं, आणि खर्च किती?

शंभर टक्के म्हणणाऱ्याकडं जाऊ नका, हे आधी सांगतो. पण पहिल्यांनीही तुमची बारा वर्षं मोजली आणि तुमच्या मिसेसची छत्तीस मोजली नाहीत. माझ्याकडं मिरजेत अशी जोडपी येतात तेव्हा गडी पुढं होऊन आपली फाइल टेबलावर ठेवतो आणि बाई मागं खुर्चीवर गप्प बसलेली असते. मी फाइल बाजूला ठेवून आधी त्यांना विचारतो: पाळी किती दिवसांनी येते, पोटाचं काही ऑपरेशन झालंय का, आईची पाळी कितव्या वर्षी थांबली. कारण तुमची नस आज जोडली काय आणि पुढच्या वर्षी जोडली काय, फार मोठा फरक पडणार नाही. बाईच्या बाबतीत छत्तीस आणि अडतीस यांत मात्र फरक पडतो. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही घसरत जातात, चाळिशीच्या पुढं तर झपाट्यानं.

म्हणून कुठलाही निर्णय घ्यायच्या आधी मिसेसच्या तपासण्या करा. रक्तातलं एएमएच (अंडाशयात किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारं हार्मोन), पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी करून दोन्ही अंडाशयांतल्या बारीक बीजपिशव्यांची मोजणी, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. नस जोडायचा विचार असेल तर गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रेसुद्धा, म्हणजे एचएसजी. नलिकाच बंद निघाल्या तर तुमच्यावर ऑपरेशन करण्यात काही अर्थ नाही, त्या दिवशीच रस्ता ठरला. एचएसजीला थोडं दुखतं, पाळी थांबल्यानंतरच्या दिवसांत करतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

एएमएचचा आकडा बघून घाबरणारे खूप. तो कमी आला म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं नाही. इंजेक्शनं दिली तर किती बीजं मिळतील याचा अंदाज तो देतो. १.२ च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) वर असेल आणि बीजपिशव्यांची मोजणी बरी असेल तर तुमच्या हातात थोडा वेळ आहे. त्याच्या बराच खाली असेल तर नस जोडून वर्ष-दीड वर्ष वाट बघणं मी सुचवणार नाही.

आता तुमच्याकडं वळतो.

नसबंदीत वीर्य तयार होणं थांबत नाही. अंडगोळीत शुक्रजंतू रोज तयार होतात, फक्त बाहेर यायची वाट बंद असते. शरीर ते जिरवून टाकतं. वीर्याच्या एकूण प्रमाणात अंडगोळीकडून येणारा भाग जेमतेम पाच टक्के, म्हणून नसबंदीनंतर वीर्य दिसायला तेवढंच दिसतं आणि ताकदीत काही फरक पडत नाही. नस जोडल्यावरही त्यात फरक पडणार नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘नस जोडली की पूर्वीसारखा जोर येईल का’ असं हळू आवाजात विचारणारे भेटतात. जोर कुठं गेलेलाच नसतो.

मग बारा वर्षांनी अडचण काय होते? आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे लगेच समजतं. नदीवरून उपसा चालू ठेवून शेताच्या तोंडाशी व्हॉल्व बंद केला, तर पाइपलाइन मध्येच कुठल्यातरी कच्च्या जॉइंटला फुटते. तसंच इथं. अंडगोळीच्या पाठीला एपिडिडिमिस नावाची अतिशय बारीक नळी गुंडाळून बसलेली असते. उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल. नसबंदीनंतर मागं दाब साठत जातो आणि काही जणांत ही नळी कुठंतरी फुटून व्रण धरते. म्हणजे आता दोन ठिकाणी अडथळा: एक नसबंदीच्या जागी, दुसरा त्याच्या मागं. वर्षं जितकी जास्त, तितकी याची शक्यता जास्त. पण बारा वर्षं झाली म्हणजे फुटलीच, असं नाही.

याचे जगभर सांगितले जाणारे आकडे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातले आहेत. १,४६९ पुरुषांवर सूक्ष्मदर्शकाखाली नस जोडण्याची शस्त्रक्रिया झाली होती. नसबंदीला तीन वर्षांहून कमी काळ झालेल्यांत ९७ टक्के जणांच्या वीर्यात पुन्हा शुक्रजंतू दिसले आणि ७६ टक्के जोडप्यांत दिवस राहिले. ३ ते ८ वर्षांत ८८ आणि ५३. ९ ते १४ वर्षांत, म्हणजे तुमच्या गटात, ७९ आणि ४४. पंधरा वर्षं आणि त्यापुढं ७१ आणि ३०.

हे दोन आकडे नीट बघा. नस मोकळी होणं वेगळं आणि पाळणा हलणं वेगळं. ‘माझ्या ऑपरेशनचा रिझल्ट ऐंशी टक्के’ असं कुणी म्हणालं, तर कशाचे ऐंशी ते विचारा. आणि ते ४४ टक्केही सगळ्या वयाच्या बायका धरून आहेत. छत्तिशीच्या बाईला तो आकडा जसाच्या तसा लावू नका, एकेचाळिशीच्या बाईला तर मुळीच नाही.

तुमच्या तपासणीत मी काय बघतो? आधी हातानं. अंडगोळ्यांचा आकार नेहमीसारखा आहे का. एपिडिडिमिस फुगून टणक झालीय का. नसबंदीच्या जागी वाटाण्याएवढी गाठ लागतेय का. ही गाठ लागली की पेशंट घाबरतो, मला मात्र बरं वाटतं. शुक्रजंतू तिथं झिरपून ती तयार झालेली असते, म्हणजे मागचा दाब तिथल्या तिथं सुटलाय आणि एपिडिडिमिस वाचली असण्याची शक्यता जास्त. नसबंदी अंडगोळीपासून जरा वर, नसेच्या सरळ भागात झाली असेल तरीही चांगलं. बिनटाक्याच्या पद्धतीत बहुधा तशीच होते आणि कापलेला तुकडाही लहान असतो, साधारण सेंटिमीटरभर. जुन्या पद्धतीत काही वेळा लांबलचक तुकडा काढलेला सापडतो, मग दोन टोकं ओढून जवळ आणताना घाम फुटतो.

मधल्या काळात हर्निया किंवा हायड्रोसीलचं ऑपरेशन झालं असेल तर न विसरता सांगा. हर्नियाच्या जाळीखाली नस चेपून आणखी एक अडथळा तयार झालेला असू शकतो. नसबंदीचं प्रमाणपत्र किंवा केसपेपर घरात कुठं असेल तर शोधा. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या पिशवीत असे कागद सापडतात.

मग वीर्य तपासणी. ‘नसबंदी झालीय तर वीर्य कशाला तपासायचं’ असं लॅबवालेसुद्धा म्हणतात. पण नमुना यंत्रात फिरवून तळाशी बसलेला साका बघितला तर काही जणांत एखाद-दुसरा शुक्रजंतू सापडतो. ती फार चांगली खूण आहे. एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही रक्ततपासणी अंडगोळीचा कारखाना चालू आहे ना, एवढ्यापुरती. शुक्रजंतूंविरुद्धच्या अँटिबॉडीची महागडी तपासणी कुणी लिहून दिली तर माझ्या मते पैसे वाया घालवू नका. नसबंदी झालेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांत त्या असतातच आणि त्यावरून निर्णय बदलत नाही.

तुमच्या धंद्याबद्दल एक गोष्ट. गलाईवाल्यांना मी हे कायम सांगतो. भट्टीची धग, तेजाबाचा धूर आणि कुठं कुठं शिशाचा वापर, यातली धग आणि शिसं दोन्ही शुक्रजंतूंना मारक. अंडगोळ्या शरीराच्या बाहेर लोंबत ठेवल्यात त्या थंड राहाव्यात म्हणूनच. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणून ऑपरेशन असो की टेस्ट ट्यूब, आधीचे तीन महिने भट्टीसमोर माणूस बसवा आणि तुम्ही गल्ल्यावर बसा. तंबाखू-मावा बंद. आणि तालमीत किंवा जिममध्ये कुणाच्या सांगण्यावरून ताकदीची इंजेक्शनं घेत असाल तर ती डॉक्टरांना सांगून थांबवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की अंडगोळी स्वतःचं काम बंद करते आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. कुस्तीच्या आमच्या जिल्ह्यात हे सांगावं लागतं. नस उत्तम जोडली आणि मागं मालच नाही, असं व्हायला नको.

ऑपरेशन कसं असतं ते जरा तपशिलात सांगतो, कारण कुणाकडं करायचं हे त्यावरच ठरतं.

पूर्ण किंवा कमरेखालची भूल देऊन अंडगोळ्यांच्या पिशवीच्या दोन्ही बाजूंना छोटा छेद घेतात. नस बाहेरून दोन-तीन मिलिमीटर जाड, शिजवलेल्या शेवईसारखी नव्हे, चांगली टणक लागते. पण तिच्या आतलं छिद्र एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच. नसबंदीच्या जागचा व्रण कापून काढला की अंडगोळीकडच्या टोकातून थेंबभर द्रव येतो. सगळ्या ऑपरेशनमधला माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा क्षण हा. तो थेंब काचपट्टीवर घेऊन तिथंच टेबलाशेजारच्या मायक्रोस्कोपखाली बघायचा. पाण्यासारखा स्वच्छ किंवा दुधाळ पातळ द्रव आला आणि त्यात शुक्रजंतू किंवा त्यांची शेपटी तुटलेली डोकी दिसली, तर मागची वाट मोकळी आहे. नसेला नस जोडायची, झालं. पण टूथपेस्टसारखा घट्ट, पिवळट पदार्थ आला आणि त्यात शुक्रजंतू औषधालाही नाहीत, तर समजायचं की मागं एपिडिडिमिसमध्येच अडलंय. तिथं नसेला नस जोडली तर टाके कितीही सुंदर घाला, उपयोग शून्य. अशा वेळी नस थेट एपिडिडिमिसच्या बारीक नळीला, अडथळ्याच्या मागं जोडावी लागते. केसाहून बारीक दोरा आणि भिंत ओल्या टिश्यू पेपरसारखी. हे काम मोजकेच सर्जन करतात. यशही कमी, नस मोकळी होण्याचं प्रमाण हातागणिक ५० ते ८० टक्के, आणि शुक्रजंतू वीर्यात दिसायला कधी कधी वर्ष लागतं.

यातलं कुठलं जोडकाम लागणार हे आधी कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते टेबलावरच कळतं. दोन बाजूंना दोन वेगळे प्रकारही निघतात. म्हणून सर्जनला तीन प्रश्न विचारा. मायक्रोस्कोपखाली करता का? टेबलावर द्रव तपासता का? आणि गरज पडली तर एपिडिडिमिसला जोडण्याचं काम तुम्हाला येतं का? तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं तर उठा. चष्म्यावरची भिंगं लावून नस जोडणारे चांगले सर्जन आहेत, पण बारा वर्षांनंतरच्या केसला मी मायक्रोस्कोपशिवाय हात लावणार नाही.

मिरजेला आरोग्यपंढरी म्हणतात. वानलेस हॉस्पिटल १८९४ चं, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं. सांगलीत सिव्हिल, कराडात कृष्णा हॉस्पिटल. डॉक्टरांची वानवा नाही. पण हे काम रोजचं नव्हे. आपल्याकडं कुटुंब नियोजनाचा भार बाईवरच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. नसबंदी करणारे पुरुषच इतके थोडे, तर ती उलटवणाऱ्या सर्जनच्या हाताखालून केस जाणार किती? म्हणून पाटी कुणाची मोठी हे बघू नका, वर्षाला अशा किती करता ते विचारा. जवळपास समाधानकारक उत्तर नाही मिळालं तर पुण्या-मुंबईला जायला लाजू नका.

ऑपरेशन दोन ते चार तास चालतं. दुसऱ्या दिवशी घरी. लंगोटासारखा घट्ट आधार काही आठवडे, मोटारसायकल आणि जड उचलणं बंद, संबंध तीन-चार आठवडे बंद. लोक जत्रेला गावी येतात आणि ‘आलोच आहे तर करून टाकू’ म्हणतात, मग पाचव्या दिवशी शेकडो किलोमीटरचा ट्रॅव्हल्सचा प्रवास. असं करू नका, किमान दोन आठवडे गावी काढा. पहिली वीर्य तपासणी सहा-आठ आठवड्यांनी, पुढं दर दोन-तीन महिन्यांनी. ती तिकडं तमिळनाडूतही करता येईल, रिपोर्ट फोनवर पाठवला तरी चालतो. आणि हे अधोरेखित करा: शुक्रजंतू चांगले दिसायला लागले की एक नमुना गोठवून ठेवा. काही जणांत जोडलेली जागा सहा महिने-वर्षानं व्रण धरून पुन्हा बंद होते. गोठवलेला नमुना असेल तर सुई टोचून पुन्हा काढायची वेळ येत नाही. कायद्यानं तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो.

आता टेस्ट ट्यूब. लोक एकाच नावानं सगळं ओळखतात, पण तुम्हाला लागेल ती पद्धत म्हणजे इक्सी. १९९२ साली बेल्जियममध्ये या पद्धतीनं पहिली मुलं जन्मल्याचं जाहीर झालं आणि नसबंदी झालेल्यांचं चित्रच पालटलं, कारण एका स्त्रीबीजात एकच शुक्रजंतू सुईनं सोडायचा असतो. त्यामुळं लाखो शुक्रजंतूंची गरज नाही, पाच-पन्नास पुरतात. जागेपुरती भूल देऊन एपिडिडिमिसमधून बारीक सुईनं ते ओढून घेतात (पेसा), तिथं नाही मिळाले तर अंडगोळीतून (टेसा). नसबंदीच्या केसमध्ये जवळजवळ प्रत्येकात मिळतात, कारण कारखाना चालूच असतो. तुमचं काम अर्ध्या तासाचं. काही ठिकाणी ‘सुईनं काढून आययूआय करू’, म्हणजे नळीनं गर्भाशयात सोडू, असं सांगतात. अशा काढलेल्या शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल आययूआयला पुरत नाही. त्यात पैसे घालू नका.

खरा भार मिसेसवर. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मधे मधे सोनोग्राफी, मग थोडा वेळ भूल देऊन बीजं काढणं, प्रयोगशाळेत गर्भ तयार होणं, तीन ते पाच दिवसांनी किंवा गोठवून पुढच्या पाळीत गर्भ सोडणं. पोटात पाणी साठणं, मळमळ, क्वचित ॲडमिट व्हावं लागणं. जुळ्यांची शक्यता दोन गर्भ सोडले तर वाढते. छत्तिशीच्या निरोगी बाईला मी एकच चांगला गर्भ सोडायच्या मताचा आहे. ‘एकाच खर्चात दोन’ हा हिशोब इथं करू नये, जुळी लवकर जन्मली तर एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल तो हिशोब पुसून टाकतं. यश म्हणाल तर पस्तिशीच्या आसपास एका प्रयत्नात साधारण तिघींत एक, वय वाढेल तसं कमी. म्हणजे पहिला प्रयत्न फसू शकतो हे धरूनच पैशाची तयारी ठेवा.

खर्चाचं बोलू. इक्सीचा एक प्रयत्न इंजेक्शनं धरून दीड-दोन लाखांच्या घरात सहज जातो. नस जोडणं खासगीत सहसा त्याहून स्वस्त पडतं, सरकारी महाविद्यालयात होत असेल तर आणखी कमी. एकदा जोडली आणि चालली तर पुढं दर महिन्याला फुकट संधी, हा तिचा मोठा गुण. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत १७ व्या क्रमांकावर वंध्यत्वाचे उपचार आहेत, त्यात टेस्ट ट्यूबही येते आणि नसबंदी उलटवणंही. पॉलिसीत वेगळं कलम घेतलं असेल तरच काही मिळेल.

तर तुमच्याबाबतीत माझं मत. मिसेसचं एएमएच आणि सोनोग्राफी चांगली, नलिका मोकळ्या, आणि तुमच्या तपासणीत खुणा बऱ्या असतील, तर नस जोडून घ्या, पण टेबलावरच शुक्रजंतू काढून गोठवायची सोय असलेल्या ठिकाणी. मग नऊ महिने ते वर्षभर वाट बघा. तोवर दिवस नाही राहिले तर मिसेस सदतिशीत इक्सीकडं वळतील, गोठवलेला नमुना तयार असेल, उशीर झालेला नसेल. टेबलावर घट्ट द्रव निघून एपिडिडिमिसला जोडावं लागलं, तर मात्र वर्षभर थांबू नका, सहा महिन्यांत इक्सीची तयारी करा. आणि एएमएच खालावलेलं असेल, नलिका बंद असतील, किंवा मिसेस आज अडतीस-एकोणचाळीस असत्या, तर मी नस जोडायची गोष्टच काढली नसती. तुमच्या पहिल्या डॉक्टरांचा सल्ला तेव्हा अगदी बरोबर ठरला असता, कारण वेगळं असतं इतकंच.

टेस्ट ट्यूबचं सेंटर निवडताना भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र बघा. २०२१ च्या एआरटी (टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांच्या) कायद्यानं नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. त्याच कायद्यानं बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ च्या दरम्यान हवं. तुम्ही दोघं बसता.

दात्याचं वीर्य हाही मार्ग आहे, खर्चानं सगळ्यात हलका. पण तुमच्यासारख्यांत स्वतःचे शुक्रजंतू मिळत असताना त्याची गरज क्वचितच पडते, म्हणून लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की ते नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावं लागतं. ‘धाकट्या भावाचं चालेल का’ असं घरची वडीलधारी मंडळी विचारतात. नाही चालत. दाता कोण हे कळत नाही, आणि मूल कायद्यानं तुमचंच.

दत्तकाचं विचारलं नाहीत, तरी एक नियम माहीत असू द्या. दोन किंवा अधिक मुलं असलेल्या जोडप्याला २०२२ च्या दत्तक नियमांनुसार विशेष गरजा असलेलं किंवा ज्याला सहज घर मिळत नाही असंच मूल घेता येतं. लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. तुमच्या मुलींना नव्या आईनं कायद्यानं दत्तक घेणं मात्र होऊ शकतं, आणि तिच्या मनात तसं असेल तर वकिलाशी जरूर बोला.

तुमच्या पत्रात आईचं ‘वंशाला दिवा’ हे वाक्य आलंय. टेस्ट ट्यूबमध्ये मुलगाच निवडून घेता येतो का, हा प्रश्न त्याच्या मागं आहे हे मला न विचारताही कळतं. येत नाही. १९९४ चा गर्भलिंगनिदानाचा कायदा गर्भधारणेच्या आधीच्या निवडीलाही लागू आहे, एआरटी कायद्यातही वेगळी बंदी आहे. ‘बाहेर सोय होते’ म्हणणारा एजंट भेटला तर तो तुमच्या पैशासकट तुम्हालाही आत घालेल. आईंना हे तुम्ही स्वतः सांगा, मिसेसवर सोडू नका.

याला जोडून एक गोष्ट डॉक्टर सहसा सांगत नाहीत. गावाकडं ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेला उभं राहण्याचा तुमचा विचार असेल, तर दोन अपत्यांची अट लक्षात घ्या. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं तिसरं मूल सदस्याला अपात्र करतं. राज्य सरकारच्या नोकरीलाही २००५ पासून लहान कुटुंबाचा नियम आहे. पहिल्या पत्नीच्या दोन मुली तुमच्या नावावर मोजल्या जातात. गलाईत पैसा मिळवून गावाकडं सरपंच व्हायचं स्वप्न बघणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत, म्हणून लिहिलं.

तुम्ही लग्नाआधी नसबंदीबद्दल सांगितलं होतं, असं पत्रावरून दिसतं. फार बरं केलंत. ते न सांगता लग्न केलेले पुरुष बायकोला घेऊन येतात, तिच्या वर्षभर तपासण्या चालतात, देवदेव होतं, सासू टोमणे मारते आणि हा गप्प. माझ्या टेबलावर हात पिशवीला लागला की दोन मिनिटांत सगळं उघड होतं. तिथून पुढं उपचार माझ्या हातात राहत नाहीत.

नस उघडण्याचे काढे, तेलं, लेप, मोबाइलवर फिरणारी ‘बिना ऑपरेशन नस मोकळी’ ही पाकिटं. कापून बांधलेली नस पोटात घेतलेल्या औषधानं जुळत नाही. मिसेसनी मात्र आजपासून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. कुठलाही मार्ग घेतला तरी ती लागणारच आहे.

पहिल्या भेटीला दोघांनी मिळून या. मिसेसची पाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोनोग्राफी त्याच फेरीत उरकेल. तुम्ही आधीचे तीन-चार दिवस संबंध टाळा, म्हणजे वीर्याचा नमुनाही तेव्हाच घेता येईल. घरून आणायचा असेल तर अर्ध्या-पाऊण तासात लॅबमध्ये पोहोचला पाहिजे, विट्याहून एसटीनं आणलेला चालत नाही. इथंच येऊन द्या. साध्या निरोधात कधीही घेऊ नका, त्यातल्या वंगणानं शुक्रजंतू मरतात. आणि लॅबला आधी फोन करून सांगा की नमुना फिरवून साका बघायचाय, नाहीतर वरवर बघून ‘शून्य’ लिहून देतील.